पत्र्याच्या सशाचा कज्जा

हवेच्या बंदुकीशी आपल्या लोकांचा परिचय बहुधा जत्रेत होतो आणि जत्रेतच संपतो. आकाशपाळण्याच्या शेजारी रंगीत फुग्यांची फळी उभी करून बसलेला इसम, नेम कितीही नीट धरला तरी छर्रा डावीकडेच जाईल अशी त्याची ती मुरलेली बंदूक, आणि चार पैसे टाकून मित्रमंडळींसमोर पराक्रम गाजवू पाहणारा एखादा पोरसवदा वीर, इतक्या सामग्रीवर आपण त्या शस्त्राची किंमत ठरवून मोकळे होतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडील ससेक्स परगण्यात मात्र, मॅगम डाउन नावाच्या खेड्यात, १९८० साली काही हौशी मंडळींनी याच बंदुकीची अशी एक स्पर्धा भरवली की तिच्यातून 'फील्ड टार्गेट' हा स्वतंत्र खेळ जन्मास आला, आणि आज त्याचे क्लब त्या देशात ठिकठिकाणी असून जागतिक अजिंक्यपदाचे सामनेही होत असतात.

खेळाचे स्वरूप सांगावयास सोपे आहे. रानाच्या एखाद्या तुकड्यात, झाडांच्या बुंध्याशी, ओहोळाच्या पलीकडे, क्वचित एखाद्या आडव्या फांदीवर, लोखंडी पत्र्यातून कापलेले उंदीर, ससे, कावळे आणि खारी उभ्या केलेल्या असतात. त्या ८ यार्डांपासून ५५ यार्डांपर्यंत कोठेही असू शकतात, परंतु नेमक्या किती अंतरावर आहेत हे नेमबाजास कोणी सांगत नाही. प्रत्येक प्राण्याच्या मर्मस्थानी एक वाटोळे छिद्र असते, बहुधा ४० मिलिमीटर व्यासाचे, कधी २५, आणि जवळच्या काही लक्ष्यांना तर अवघे १५. छिद्रातून छर्रा पार होऊन मागच्या पट्टीवर आदळला की कळ सुटते, प्राणी मागे कोसळतो आणि एक गुण पदरात पडतो. छर्रा पत्र्यावर आदळला तर ठण् असा आवाज होतो, प्राणी जागचा हलत नाही, आणि गुणही मिळत नाही. कोसळलेल्या प्राण्यास बांधलेली लांब दोरी ओढून नेमबाजाने बसल्या जागेवरून त्याला पुन्हा उभे करावयाचे आणि पुढच्याच्या स्वाधीन करावयाचे.

या दोरीवरूनच माझ्या परिचयाच्या दोन गृहस्थांत वाद पेटला. दाजी हे पेशाने इंजिनियर, तारुण्यात विलायतेस जाऊन तेथेच स्थायिक झालेले आणि उतारवयात या खेळाच्या नादी लागलेले; रावसाहेब हे त्यांचे मेहुणे, आमच्या कोल्हापूरकडे मामलेदारी करून निवृत्त झालेले, आणि बहिणीकडे राहावयास आले असता एका रविवारी दाजींच्या क्लबची स्पर्धा पाहण्यास निघालेले. मी उभयतांच्या सोबत होतो, आणि मेहुण्या-मेहुण्यांच्या कज्ज्यात तिऱ्हाइताने पडू नये हा शहाणपणा मला ठाऊक होता, तरी तो शेवटपर्यंत पाळणे मला जमले नाही.

"मेलेला ससा दोरी ओढून उठवता, दाजी," रावसाहेब म्हणाले, "ते पाप लागू नये म्हणून, की पुन्हा मारता यावा म्हणून?"

"पत्र्याला कसले आले पाप? आधी चहा घ्या, रावसाहेब, मग फिर्याद दाखल करा."

चहा झाला, परंतु फिर्याद काही लांबणीवर पडली नाही. ज्या माणसाने उभे आयुष्य परवाने, दाखले आणि सातबाराचे उतारे तपासण्यात घालवले, त्याचे लक्ष सर्वप्रथम कोठे जावे हे ठरलेलेच होते. इतकी माणसे, त्यांत म्हाताऱ्या बायका आणि शाळकरी मुलेदेखील, खांद्याला बंदुका लावून रानात मोकळी हिंडत आहेत, आणि दाराशी कोणी कागद मागत नाही, हे त्यांना सहन होईना. दाजींनी त्यांना समजावले की या देशात कायदा बंदुकीचे तोंड पाहत नाही, तिच्या तोंडून निघणारी ऊर्जा पाहतो. १९६९ च्या नियमांप्रमाणे हवेच्या रायफलीची ऊर्जा १२ फूट-पौंडांच्या आत असेल तर इंग्लंडात तिला परवाना लागत नाही, आणि त्या मर्यादेच्या वर ती तसूभर जरी गेली तरी तीच वस्तू एकदम खऱ्या बंदुकीच्या सदरात जाऊन बसते व विनापरवाना बाळगणारा गुन्हेगार ठरतो. म्हणूनच क्लबात छर्र्याचा वेग मोजण्याचे यंत्र असते आणि आपली बंदूक त्या यंत्रासमोर धरण्यास कोणी कुरकुर करीत नाही. अठरा वर्षांखालील मुलास ती विकत घेता येत नाही, आणि स्कॉटलंडात तर ३१ डिसेंबर २०१६ पासून तिलाही परवाना लागू झाला आहे.

"म्हणजे स्कॉटलंडातल्या सरकारला अक्कल आधी सुचली," रावसाहेब म्हणाले. "आपल्याकडे २०१६ च्या शस्त्रनियमांत ही सवलत २० ज्यूल आणि पॉइंट एक सात सात व्यासापर्यंत आहे. तुमचे बारा फूट-पौंड म्हणजे सव्वासोळा ज्यूल. हिशेबाने तुम्ही आमच्यापेक्षा कडक आहात, एवढे मी लिहून द्यावयास तयार आहे."

मला वाटले, आता तंटा मिटेल. परंतु कायद्याच्या बाबतीत समाधान झालेला मामलेदार नीतीच्या बाबतीत अधिकच धारदार होतो, हे माझ्या ध्यानात यावयास हवे होते.

तेवढ्यात दाजींची पाळी आली. त्यांनी जमिनीवर एक लहानशी भरीव पिशवी टाकली, तिच्यावर बैठक मारली, दोन्ही गुडघे वर घेतले आणि बंदुकीचा भार डाव्या गुडघ्यावर टेकलेल्या हातावर तोलला. नळीच्या टोकाशी लोकरीचा एक बोटभर धागा लोंबत होता. तो कोणत्या दिशेस आणि किती कलतो यावरून वारा ओळखावयाचा. बंदुकीवरील दुर्बिणीच्या डाव्या अंगास ताटलीएवढे एक काळे चक्र बसवलेले होते, आणि त्याच्या कडेने चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर दाजींनी आपल्या बारीक, इंजिनियरी अक्षरांत आकडे लिहिले होते. सशाच्या छिद्रावर दृष्टी लावून दाजी ते चक्र हळूहळू फिरवू लागले. अंतर मोजण्याचे विजेवर चालणारे कोणतेही यंत्र या खेळात निषिद्ध आहे. दुर्बिणीची शक्ती चाळीस-पन्नास पट ठेवली की तिच्यातील चित्र एका विवक्षित अंतरावरच स्पष्ट दिसते, म्हणून सशाच्या कानाशी उडालेल्या रंगाचा टवका न् टवका कडेसकट स्वच्छ दिसू लागला की चक्र ज्या आकड्यावर थांबले असेल तेच अंतर मानावयाचे. ते ४७ वर थांबले. दाजींनी दुर्बिणीच्या माथ्यावरील खुंटी तितक्या अंतरासाठी ठरलेल्या खुणेपर्यंत फिरवली, लोकरीकडे पाहिले, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

ठण्. ससा उभाच राहिला.

"मिस," दाजी स्वतःच मोठ्याने म्हणाले, आणि शेजारी गुणपत्रक घेऊन बसलेल्या पिकल्या केसांच्या बाईंनी त्यांच्या नावापुढे शून्य मांडले. दुसरे लक्ष्य जवळचे, पण १५ मिलिमीटरचा उंदीर; तो पडला. मग दाजी उठले आणि त्या बाईंचे गुणपत्रक त्यांनी आपल्या हाती घेतले.

इतका वेळ रावसाहेब निमूटपणे पाहत होते. ससा का पडला नाही, असे त्यांनी विचारले तेव्हा दाजींनी अंतराचा आणि वाऱ्याचा हिशेब सांगितला, आणि तो मला इतका रंजक वाटला की येथे दिल्यावाचून राहवत नाही. साडेचार मिलिमीटर व्यासाचा तो शिशाचा छर्रा वजनाला अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त असतो, आणि बारा फूट-पौंडांच्या मर्यादेत राहून तो सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघतो. परंतु इतका हलका असल्यामुळे हवेत त्याचा वेग झपाट्याने गळत जातो आणि तो अधिकाधिक खाली वाकू लागतो. पन्नास यार्डांच्या पल्ल्यात अंतराचा अंदाज पाचच यार्डांनी चुकला तरी छर्रा एका इंचाहून जास्त वरखाली जातो, आणि ४० मिलिमीटरच्या छिद्राची त्रिज्या तर वीसच मिलिमीटर, म्हणजे इंचाहून कमी. वाऱ्याचे त्याहून कठीण. जेमतेम पाने हलवणारी झुळूक त्याच पल्ल्यात छर्र्याला दोन-एक इंच बाजूस नेऊन टाकते. आणि नळीपाशी लोकर निश्चल असताना पलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात वारा वाहत असेल तर लोकरीची साक्ष खोटी ठरते. दाजींच्या बाबतीत नेमके तेच झाले होते.

"हे मला पसंत आहे," रावसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात प्रथमच आदर उमटला. "आमच्या खात्यात आयुष्यभर मी मोजणीच्या तक्रारी ऐकल्या. बांध सरकवणाऱ्यास बांध आपल्या बाजूने सरकलेला कधीच दिसत नाही. येथे माणूस आपल्या तोंडाने चुकलो म्हणतो आणि ते शून्य शेजारणीच्या हातून लिहवून घेतो. हरकत माझी याला नाही. हरकत आहे ती सशाला."

"का बरे?"

"आमच्या राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक आणले. त्याच्या लक्ष्यावर ससा होता का? कागदावर एकात एक वर्तुळे, आणि मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सोने मिळवले ते याच हवेच्या बंदुकीवर, आणि १० मीटरवरचा तो दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा. नेमबाजीचा कळस तेथे आहे, दाजी, आणि त्या कळसावर कोणताही प्राणी बसवलेला नाही."

दाजींनी या मुद्द्याचा प्रतिवाद जोरात केला. ऑलिंपिकच्या मैदानात अंतर ठरलेले, १० मीटरच्या सामन्यास तर छप्पर असल्याने वाऱ्याचा प्रश्नच नाही, उजेड बेताचा. तेथे नेमबाज स्वतःच्या नाडीशी लढतो, तर येथे त्याला रानाशी लढावे लागते. लक्ष्य चढावर असेल, उतारावर असेल, सावलीत असेल. पत्रा मोठा असला की डोळा त्याला जवळचा समजतो, लहान असला की दूरचा. ती फसवणूकच या खेळाचा प्राण आहे.

"कबूल. मग पत्रा लहानमोठा वाटोळा कापा. डोळा वाटोळ्यानेही तितकाच फसेल."

दाजी थोडे थांबले. मग त्यांनी जी कैफियत मांडली तिने खरे सांगायचे तर त्यांचीच बाजू सैल झाली. "पन्नास पट दुर्बिणीतून पाहताना, रावसाहेब, ससा दिसतच नाही हो. दिसते ते एक छिद्र आणि त्याभोवतीचा रंग. मला विचाराल तर आज मी काय काय पाडले हे मी घरी जाऊन सांगू शकणार नाही."

"ज्याला ससा दिसत नाही त्याला सशाची गरज काय?"

"आणि ज्याला तो दिसत नाही त्याला त्याचा अपाय काय?"

दोन्ही प्रश्न मला सारखेच बिनतोड वाटले, आणि त्याच कारणाने वाद तेथे संपावयास हवा होता. परंतु रावसाहेबांनी आता आपला हुकमाचा पुरावा पुढे केला. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली तेथील वनमंत्र्यांनी एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू केली आणि गावोगावच्या लोकांनी आपापल्या बंदुका आणून दिल्या, कारण त्या छर्र्यांपायी रानातील पाखरांचा आवाजच बंद होत चालला होता. "हीच बंदूक, दाजी. परवाना नको, आवाज नाही, पोराच्या हाती सहज येते. पोराला तुम्ही पत्र्याची खार दाखवलीत की त्याची नजर खऱ्या खारीपर्यंत जावयास किती वेळ लागेल?"

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. रावसाहेब काही हळव्या मनाचे प्राणिभक्त नव्हेत. रानडुकरांनी एका रात्रीत उकरून टाकलेल्या उसाचे आणि भुईमुगाचे पंचनामे त्यांनी वनखात्याच्या माणसांबरोबर बांधावर उभे राहून केले आहेत, आणि शेतकऱ्याच्या तोंडचे शिव्याशाप त्यांनी सरकारच्या वतीने ऐकून घेतले आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत कावळा आणि उंदीर उपद्रवी म्हणून दाखल होते, आणि ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने वगळली गेली, हे ते तारीखवार सांगू शकतात. उपद्रवी जनावर मारावे की न मारावे, हा त्यांचा वादच नव्हता. गरजेपोटी केलेल्या कृत्याची गंमत करू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दाजींनी यावर जे उत्तर दिले ते त्या दिवसातले त्यांचे सर्वांत उत्तम बोलणे होते, असे मी समजतो. ते म्हणाले की हा खेळ शिकाऱ्यांनी काढला हे खरे, पण काढताना त्यांनी नियम असा केला की जखम केल्याबद्दल काही मिळू नये. छर्रा सशाच्या कानाला लागला, पायाला लागला, छिद्रापासून केसभर अंतरावर लागला, तरी फळ शून्य; आणि साफ हुकून झाडीत गेला तरीही शून्यच. रानात अर्धवट लागलेला नेम हुकलेल्या नेमाहून वाईट असतो, जनावर कुठेतरी झुडपात जाऊन दिवसभर तडफडते, आणि ही गोष्ट माणसाला व्याख्यानाने पटत नाही. गुणपत्रकावर ओळीने मांडलेली शून्ये पाहिली की पटते. "तुमच्या वर्तुळांच्या कागदावर, रावसाहेब, नऊला नऊ मिळतात आणि आठाला आठ. 'जवळजवळ' या शब्दाला तेथे भाव आहे, येथे नाही. त्या पोराला मी येथे आणीन तो याचसाठी."

रावसाहेबांनी मान डोलावली, आणि मग, उलटतपासणीत मुरलेल्या माणसाच्या सौम्यपणाने, त्यांनी विचारले, "सकाळी तुमचे ते मित्र दुसऱ्या एका प्रकाराविषयी सांगत होते, हंटर फील्ड टार्गेट की काय. त्यात कसे गुण देतात?"

दाजींचा चेहरा किंचित उतरला. त्या प्रकारात स्पर्धा सुरू झाल्यावर दुर्बिणीच्या खुंट्यांना हात लावावयाचा नसतो, अंतर नजरेनेच जोखावयाचे आणि नेम अंदाजाने वरखाली धरावयाचा. पल्ला ४५ यार्डांपर्यंतचा. आणि तेथे प्राणी पाडला तर दोन गुण, नुसता पत्र्याला छर्रा लागला तर एक, साफ हुकला तर शून्य.

"म्हणजे ज्याच्या नावातच शिकारी आहे," रावसाहेब सावकाश म्हणाले, "त्या खेळात जखमेला अर्धे बक्षीस."

यावर दाजींनी सारवासारव केली. नवख्या माणसाचा उत्साह टिकावा म्हणून तो एक गुण असावा, असे त्यांचे मत पडले. परंतु नंतर त्यांनी स्वतःच हात वर केले आणि तो नियम आपल्यालाही कधी रुचलेला नाही असे सांगून टाकले. मला या कबुलीचे फार कौतुक वाटले. प्रतिपक्षाने आपल्याच घरातला विसंगत दस्तऐवज शोधून काढला की बहुतेक लोक तो दस्तऐवज बनावट आहे असे म्हणू लागतात.

आता तिऱ्हाइताचे दोन शब्द. नेमबाजीच्या इतिहासाकडे पाहिले तर हा कज्जा नवा नाही, आणि त्याचा निकाल पूर्वी एकाहून अधिक वेळा लागलेला आहे. पॅरिस येथे १९०० साली ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरे उडवून मारण्याची स्पर्धा झाली आणि बेल्जियमचा लिआँ द लुंडेन २१ पक्षी मारून पहिला आला. इंग्लंडने कोंडून सोडलेल्या पक्ष्यांवरील असली नेमबाजी १९२१ च्या कायद्याने बंद केली, आणि तिच्या जागी हवेत फेकलेल्या थाळ्या फोडण्याचा खेळ स्थिरावला. त्या थाळीस ना चोच, ना पंख. तरी त्या खेळाची लज्जत कमी झाल्याचे कोणी म्हणत नाही. धावत्या हरणाच्या आकृतीवरील नेमबाजी १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आली. पुढे १९७२ ते १९८८ पर्यंत धावत्या रानडुकराचे चित्र तेथे होते. १९९२ पासून ते डुक्कर गेले, आणि लक्ष्य धावतेच ठेवून त्यावर केवळ वर्तुळे राहिली. तेव्हा प्राणी आधी जिवंत होता, मग त्याची आकृती उरली, मग आकृतीही गळाली, आणि प्रत्येक पायरीवर खेळ मात्र शाबूत राहिला.

दाजींचे म्हणणे असे की ससेक्सच्या रानात पत्र्याचा ससा उभा आहे तो तेथील शेतकऱ्याच्या, कुंपणाच्या आणि सशांनी खाल्लेल्या कोवळ्या पिकाच्या परंपरेतून आलेला आहे, आणि परक्याने येऊन तो उखडू नये. हे मी मान्य करतो. ज्यांचे रान त्यांचा ससा. त्या देशातील मोठी माणसे पत्रा आणि प्राणी यांत गल्लत करीत नाहीत, हेही त्या रविवारी मी पाहिले: स्पर्धा चालू असताना एक खरी खार लक्ष्यांच्या रांगेतून धावत गेली तेव्हा शिट्टी झाली, सगळ्या बंदुका खाली आल्या, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत कोणी छर्रा भरला नाही. रावसाहेबांनीही ते पाहिले आणि त्यावर कोणताही शेरा मारला नाही. परंतु आपल्याकडची स्थिती निराळी आहे. आपल्याकडे ही बंदूक क्लबात जाण्याआधी गच्चीवर आणि परड्यात जाते. तिच्या धन्याला शिकवणारे कोणी नसते, त्याच्यासमोर असतात ते बुलबुल आणि साळुंक्या.

संध्याकाळी निकाल लागला. दाजी आपल्या वर्गात मधल्या फळीत आले, त्या पिकल्या केसांच्या बाई त्यांच्या दोन गुण पुढे. परतताना रावसाहेबांनी कोल्हापूरच्या आसपास अशा क्लबास जागा कोठे मिळेल याची चौकशी सुरू केली, गायरान चालणार नाही, गावठाणापासून दूर हवे, मागे टेकाड हवे, भोवती दोरी आणि दाराशी नोंदवही हवी, असे ते स्वतःशीच मोजू लागले. आणि दाजी त्यांना पत्र्याची जाडी सांगू लागले. वाचकांपैकी कोणी हा उद्योग मनावर घेणार असेल तर माझी त्यांस एवढीच विनंती आहे की विलायतेतून वेग मोजण्याचे यंत्र आणावे, लोकरीचा धागा आणावा, एकमेकांचे गुण लिहिण्याची पद्धत आणावी, 'जवळजवळ'ला शून्य देणारा नियम तर काटेकोरपणे आणावा. आणि पत्रा मात्र येथल्याच लोहाराकडून वाटोळा कापून घ्यावा.